निर्धास्त राहा

काल साहेबांनी माझ्या वार्षिक मूल्यमापनाचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "उत्तम काम आहे तुमचं. निर्धास्त राहा."

एरवी हे वाक्य मी घरापर्यंत जपून नेलं असतं. काल मात्र केबिनच्या काचेतून मला वैदेहीची रिकामी खुर्ची दिसत होती. नऊ वर्षं ती माझ्या शेजारी बसली. गेल्या वर्षी तिलाही असाच शेरा मिळाला होता, आणि मागच्या महिन्यात कपातीच्या यादीत तिचं नाव आलं.

"वैदेहीलाही तुम्ही हेच म्हणाला होतात," मी म्हटलं.

साहेब पेनाच्या टोपणाशी चाळा करत हळूच म्हणाले, "तेही खरंच होतं. यादी माझ्या हातात नव्हती."

मला त्यांचा राग आला नाही. शेरा देणारा वेगळा, यादी करणारा वेगळा, आणि त्या दोघांची कधी गाठच पडत नाही, एवढं कळलं. इतकी वर्षं मी ज्याला आधार समजत होते, तो नुसता शेरा होता. काम मी यापुढेही नीटच करीन, कारण गचाळ केलेलं मला बघवत नाही. पण निर्धास्त राहणं आता जमायचं नाही, आणि ते बरंच आहे.

संध्याकाळी मी वैदेहीला फोन केला. "रविवारी ये. दोघी मिळून नोकरीचे अर्ज लिहू."

"तुला कशाला अर्ज? तुझी नोकरी आहे ना?"

"आज आहे," मी म्हटलं. "दहापर्यंत ये."