जोड मातीवर हवा

शेवंताकाकूंनी मला सांभाळून घेतलं, म्हणून आज घरापासून इतक्या दूर, राजस्थानातल्या संत्र्याच्या रोपवाटिकेत मी टिकून आहे. आधी त्यांचं नाव, माझी चूक नंतर.

आमच्याकडच्या तिगावच्या रोपवाटिकेत काकू कलमं बांधत. लिंबाच्या रोपाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे इवला कोंब, बसवून पट्टी आवळली की खुंटालाच सांगत, "सांभाळ वं माय, पाहुणी आली तुयाकडे." सातवीत शाळा सुटून त्यांच्या हाताखाली आलेल्या मला आधी हसू यायचं.

त्यांनी मला सौंसरजवळच्या एका बागेत कलमं लावायला पाठवलं. वाऱ्यानं हलू नयेत म्हणून मी सगळी खोल, खुंट आणि संत्र्याचा जोडही मातीत जाईल इतकी पुरली. आठवड्यानं काकू आल्या आणि एका कलमाच्या बुंध्याशी वाकल्या.

"जोड मातीखाली घातला वं! बुरशीशी लढाचं बळ खुंटात हाय, संत्र्यात नाई. तू तं चौकीदार घरात कोंडला अन् लेकरू दारात बसवलं."

बागमालक म्हणाला, "हिले आजच घरी पाठवा."

"हिनं पुरले, हीच उकरन. मी हावो न संग."

चार दिवस आम्ही बोटांनीच माती काढली. खुरपं लागून साल सोलली तर बुरशीला दार उघडंच. मी रडत होते. काकू बोलत होत्या. रोपवाटिकेत एकदा संशोधन करणाऱ्या मॅडम आल्या होत्या, त्यांच्याकडून ऐकलेलंच.

"झाडाच्या कणाकणात जनुकं रायतात म्हणे. बुरशी शिरली का त्यातले काही जागे होतात, अन् तिथल्या पेशी सोताहून मरून जातात. मरतात, पन तिले पुढं वाट देत नाई." त्यांचे हात थांबले. "कोनं शिकवलं असन वं? शाळेत तं झाडबी नाई गेलं."

पावसाळा सरला. बुरशी लागून तीन झाडांच्या बुंध्यांतून डिंक वाहिला, ती गेली. बाकी बाग उभी राहिली. पुढची कलमं मालकानं माझ्याच हातून लावून घेतली. त्याच कामाच्या जोरावर मी राजस्थानात आले.

इथल्या सरांनी परवा सूक्ष्मदर्शकातून पानाचा तुकडा दाखवला. बुरशीच्या धाग्याभोवती मेलेल्या पेशींचं तपकिरी कडं, आणि त्यापलीकडे सगळं हिरवं, शाबूत. काकूंनी सांगितलेलंच डोळ्यांसमोर होतं. लगेच काकूंना फोन केला.

त्या म्हणाल्या, "खरंच दिसते? मी तं नुसतं आयकलं होतं वं."

काकू, मी तुम्हाला इथं आणीन. खुर्चीवर बसवून ते कडं दाखवीन. मन भरेपर्यंत बघा. मागं सर ताटकळले तरी मी तुम्हाला उठवणार नाही.