खोट्या अपघाताचे पैसे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत. ही वही कुणाच्या हाती पडली तर चुकांबद्दल राग मानू नये.

मी इंदापूरजवळ हायवेला लागून असलेल्या एका दवाखान्यात साफसफाईला आहे. निरवांगीहून येते. मागं एकदा आमच्याकडं मॉक ड्रिल ठरलं. म्हणजे बस आणि टँकरची धडक झाली असं समजायचं, खोटी माणसं आणायची आणि दवाखाना तयार आहे का ते बघायचं. तपासायला साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते, पण बॅटऱ्या, सेल, दोरी, रंगीत रिबिनी, काहीच नव्हतं. ऑफिसातनं मंजुरी आली नव्हती. आमच्या सिस्टर बारामतीच्या. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "मावशी, थोडे पैसे आहेत का? बिल निघालं की देते."

माझ्याकडं नवी शेगडी आणि सिलिंडर घ्यायला साठवलेले होते. नाही म्हणायला मला जमत नाही. दिले.

घरी हे म्हणाले, "दवाखान्याला पैकं तू देतीस? मग पगार कुणी कुणाला द्यायचा?"

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मलाही जखमी केलं. म्हणाल्या, मावशी बोलत नाहीत, त्यांना गप्प पडायला सांगा. अंगणात चादरीवर पडले. शेजारी आमचा वॉचमन पडला होता, तो इतका कण्हत होता की मलाच भीती वाटली. तरुण डॉक्टर आले, वॉचमनच्या मनगटाला लाल रिबीन बांधली आणि माझ्या मनगटाला काळी.

मला बरं वाटलं. दृष्ट लागू नये म्हणून लहानपणी आई काळा दोरा बांधायची. वाटलं, माझी काळजी केली.

वॉचमनला स्ट्रेचरवर नेलं. स्ट्रेचरचं चाक अडलं, ते दोघांनी उचललं. सामानाच्या खोलीची किल्ली सापडेना, ती ज्यांच्याकडं असते ते बाहेर गेले होते. एक नर्स धावताना मला ओलांडून गेली. माझ्याकडं कुणी आलंच नाही. सगळं संपलं तरी मी पडूनच होते, कारण उठा असं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी वॉचमन येऊन म्हणाला, "उठा मावशी. तुमी मेलाय, तरी चहा मिळतोय."

मग संध्याकाळी मी सिस्टरांना विचारलं, काळी म्हणजे काय.

"ज्याला वाचवता येणार नाही तो."

"पण मी श्वास घेत होते की."

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, रात्रपाळीला आम्ही दोघीच असतो. एकदम वीस माणसं आली तर कुणाला आधी धरायचं, हे आज हाताला कळलं नाही तर तेव्हा कसं कळणार? ते मला कळलं. पण जिवंत माणसाला ओलांडून कसं जायचं, ते अजून कळत नाही. घरी जाताना मनगट सारखं चोळत होते.

पुढं बिल अडलं. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी सिस्टरांना सगळ्यांसमोर विचारलं, "खोट्या अपघाताचं खरं बिल मी कसं काढू? आणि रिबिनी कशाला, लग्न होतं काय?" मी फरशी पुसत होते. मला वाटलं, अपघात खोटा होता, पण सेल खरे होते, माझे पैसेही खरे होते. पुसत राहिले. बोलायला हवं होतं का, तेही कळेना.

घरी चूल पेटवली की हे विचारायचे, "निघालं का बिल?" मी सिस्टरांसमोर गेले की मान खाली घालायची. मागितले तर त्यांना वाईट वाटेल आणि नाही मागितले तर शेगडी येणार नाही.

मग पगार झाला की त्या थोडे थोडे देऊ लागल्या. बिल निघालं का, असं मी एकदा धीर करून विचारलं. "तुम्हाला काय करायचंय? घ्या." म्हणजे ते त्यांच्याच पगारातले असावेत. घ्यावेत की नको? आणि मी न घेतल्यानं दवाखान्याचं काय भलं होणार होतं?

शेवटचे पैसे त्यांनी कपडे बदलायच्या खोलीत दिले. मी म्हटलं, राहू द्या सिस्टर, एवढ्यानं काय होतंय.

"घ्या मावशी. पुढच्या ड्रिलला परत तुमच्याकडंच मागायचेत."

त्या हसल्या का, ते मला नीट दिसलं नाही. मी पैसे मोजले. सगळे फिटले होते.