देवी बोलली नाही त्या आठवड्यात

त्या वर्षी श्रद्धेपेक्षा थकवाच जास्त होता. सर्दीताप येऊन गेला आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. कळ थेट कानापर्यंत जायची. घास गिळवत नव्हता, हात थरथरायचे, छाती धडधडायची. मालक, म्हणजे माझे यजमान, होडीवर जायचे आणि मी मासे घेऊन कट्टा गावच्या बाजाराला, पण गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्याएवढा आवाजही गळ्यातून निघत नव्हता.

ओरोसच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "थायरॉइडच्या ग्रंथीला सूज आलीय." साध्या दुखण्याच्या गोळ्यांनी कित्येक दिवस उतार पडला नाही, तेव्हा त्यांनी दोन वाटा सांगितल्या. त्याच गोळ्या घेत धीर धरायचा, नाहीतर स्टेरॉइड घ्यायचं. त्यानं दुखणं लवकर थांबतं, पण ते हळूहळू कमी करावं लागतं, घाईनं सोडलं तर उलटतं. "पुढे कदाचित ग्रंथी सुस्त पडेल. मग एक गोळी कायमची लागेल," असंही ते म्हणाले. विचार करून या, म्हणाले. विचार करायचं त्राणच माझ्यात उरलं नव्हतं.

सासूबाई स्टेरॉइडला घाबरायच्या. "तोंड सुजता त्येना, नको गो," म्हणायच्या. मालक म्हणाले, "तू सांगशीत तसा करूया." शेवटी गावच्या देवीला कौल लावला. गुरवांनी मूर्तीवर दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर स्टेरॉइड घ्यायचं, डावी पडली तर नाही. आम्ही बराच वेळ हात जोडून बसलो. एकही कळी हलली नाही. "देवी आज कायच बोलणा नाय," गुरव म्हणाले. मी रडलेसुद्धा नाही. देवीलाही माझा कंटाळा आला असेल, असं वाटलं.

त्याच आठवड्यात ओरोसहून एसटीनं परतत होते. डॉक्टरांकडे जाऊनही मी काहीच ठरवलं नव्हतं. शेजारी एक वयस्क बाई बसली होती. मी सारखा गळा धरतेय हे तिनं पाहिलं.

"गो बाय, कानापर्यंत कळ जाता मां?"

मी मान हलवली.

"माका पण ह्याच झालेला. डागतरान गोळये दिल्यान, मी घेतलंय. घाबरू नको. पण आपल्या मनान सोडू नको हां."

ती बांद्याची होती, लेकीकडे निघाली होती. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी घेते, पाणी भरते, नातवंडं सांभाळते, असं तिनं अगदी सहज सांगितलं. मी कट्ट्याला उतरायला उठले तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नाव विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ओरोसला परत जाऊन मी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या.

दोनतीन दिवसांत पेज सुखानं गिळली. पुढे डोस कमी करताना दुखणं एकदा उलटलं. डॉक्टरांनी तो वाढवला आणि पुन्हा सावकाश उतरवला. गळा बरा झाला, पण काही महिन्यांनी अंग जड व्हायला लागलं, केस गळायला लागले, भर दुपारीही थंडी वाजायची. तपासणीत कळलं की ग्रंथी सुस्त पडली होती. कायमची गोळी आली. त्या दिवशी मी देवळात भांडायला गेले होते. पण देवीसमोर उभी राहिले आणि भांडण्याइतकाही जीव उरला नव्हता. तशीच खाली बसले. "आता तूच बघ," एवढंच म्हणाले. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं थोडं हललं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. एसटीतली ती बाई देवीनं पाठवली होती का, ते मला माहीत नाही. मालकांबरोबर दोनदा बांद्याला जाऊन विचारपूसही केली, पण ती भेटली नाही. आजार पूर्ण गेला नाही, थकवाही अधूनमधून येतो. देवीकडे आता मी बरं कर म्हणून मागत नाही. गोळी जिभेवर ठेवताना तिचं नाव घेते. त्या दिवसांत सगळं मी एकटीच ओढतेय, असं वाटायचं. तसं ते कधीच नव्हतं.