डोलणारी गव्हाणी

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतार राहतात. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल, बाकी सगळे त्यांना पाळणेवालेच म्हणतात. कपाट सांगा, दार सांगा, ते करून देतील, पण तोंड वाकडं करून. पाळणा म्हटला की मात्र स्वारी खुलते. छताला टांगायचे पाळणे त्यांना पसंत नाहीत. त्यांचा पाळणा जमिनीवर असतो, खाली दोन कमानदार पट्ट्या, एका बोटाने ढकलला की आपला आपण डोलत राहतो. त्यांच्या पाळण्यांतली बाळं आता टकली झाली आहेत, आणि रस्त्यात भेटली की हे त्यांना मापावरून ओळखतात. "तू तो सव्वादोन फुटी ना रे?" बँकेच्या मॅनेजरला त्यांनी हे भर रांगेत विचारलंय. मी होतो ना तिथे.

अशा माणसाच्या पोटात तीस वर्षं एक गोष्ट होती. मला ती कशी कळली? पोटातलं काढून घेणं हाच तर माझा निवृत्तीनंतरचा उद्योग.

झालं असं. एकतीस वर्षांपूर्वी चर्चमधल्या थोरल्या फादरांनी त्यांना चिठ्ठी पाठवली की नाताळच्या देखाव्यासाठी लाकडी गव्हाणी हवी, बाळ हातभर लांबीचं आहे. पाळणेवाल्यांनी तीन दिवस खपून उत्तम सागाची गव्हाणी केली. खाली दोन कमानदार पट्ट्यांसकट.

हसू नका. लहानपणापासून दर नाताळला त्यांनी ऐकलं होतं की बाळाला गव्हाणीत निजवलं. बाळाला निजवतात ते कशात? मग गव्हाणी म्हणजे पाळण्याचंच जुन्या वळणाचं नाव, एवढा सरळ हिशेब. देवळातले, चर्चमधले शब्द आपण असेच तर शिकतो. अर्थ विचारायची लाज वाटण्याच्या वयात आलो की तोंडपाठ झालेले असतात. त्यात हे जन्माचे शहरी. गाय पाहिलेली ती दुधाच्या पिशवीवर.

थोरल्या फादरांनी ती वस्तू पाहिली, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान झालीय." ते दयाळू होते की त्यांनाही गव्हाणी ठाऊक नव्हती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते वारले, नाहीतर विचारलं असतं.

दुसऱ्या वर्षी पाळणेवाले एका गोठ्याचं छप्पर दुरुस्त करायला गेले. गाय एका लांबोळक्या पेटीत तोंड घालून चारा खात होती. गवळी म्हणाला, "गव्हाणीला धक्का लावू नका, मिस्त्री." हे शिडीवरून पडता पडता वाचले.

तेव्हापासून दर डिसेंबरला त्यांना एकच धास्ती. कोणीतरी म्हणणार, हा कसला सुतार, याला गव्हाणी आणि पाळणा कळत नाही! पण कोणी म्हणालं नाही. उलट लोकांनी काय सुरू केलं? नाताळच्या सकाळची प्रार्थना संपली की रांगेने पुढे जायचं आणि बाळाला एकेक झोका द्यायचा. कोणी सांगितलं नव्हतं. समोर डोलणारी वस्तू असली की हात जातोच. पुढे ज्यांचं मूल आजारी, ज्यांचा मुलगा परगावी, ते दोन झोके द्यायला लागले. इस्त्रीवाल्या आजी तीन देतात. तीन मुली, तिघी लांब.

यंदा नवे फादर आले. तरुण, चष्मा, पुस्तकं पोत्याने. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यांनी सणाचं मूळ सांगायला घेतलं. मी कधी नव्हे तो पहिल्या बाकावर. कोणाची तोंडं कशी होतात ते बघायचं होतं.

पहिल्या रविवारी फादर म्हणाले, बाळाच्या जन्माची तारीख पवित्र पुस्तकात कुठेच नाही, ती पुढे कित्येक वर्षांनी ठरली. दुसऱ्या रविवारी देखाव्यात बाळासाठी भेटी आणणाऱ्या तीन राजांचा नंबर लागला. पुस्तकात राजे नाहीत, पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, आणि ते किती होते तेही दिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन धरली. तिसऱ्या रविवारी देखाव्यातले बैल आणि गाढव गेले. जन्माच्या गोष्टीत त्यांचा उल्लेखच नाही. चौथ्या रविवारी नाताळचं झाड. ते तर थंड मुलखांतून आलेलं, जिथे हिवाळ्यात सगळं निष्पर्ण होतं आणि एवढंच हिरवं राहतं. फादर हे प्रेमाने सांगत होते, पण माझ्यामागे बसलेले पाळणेवाले प्रत्येक वाक्यागणिक रुमालाने कपाळ पुसत होते.

"पुढच्या रविवारी, नाताळच्या सकाळीच," फादर म्हणाले, "आपण गव्हाणीबद्दल बोलू."

मंगळवारी पाळणेवाले पॉलिशच्या नावाखाली गव्हाणी घरी घेऊन आले. मी वासावर पोचलोच. तेव्हा सगळं बाहेर पडलं.

"तीस वर्षं गप्प बसलात?" मी म्हणालो. "मला नाही सांगितलं?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे गल्लीत भोंगा लावायचा."

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, भाजी निवडत होत्या. "मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी चार गाई. पण म्हटलं, माणूस एवढा खुशीत आहे, कशाला बोला."

पाळणेवाल्यांनी पटाशी घातली आणि एकेक पट्टी उचकटली. लाकूड असं करकरलं की माझेच दात शिवशिवले. गव्हाणी चार आखूड पायांवर सपाट उभी राहिली.

"झाली खरीखुरी गव्हाणी," ते म्हणाले. "आता मेलो तरी कोणी नावं ठेवणार नाही. त्या पट्ट्या जळणात टाक गं."

वहिनींनी पट्ट्या उचलल्या आणि आत गेल्या.

नाताळच्या सकाळी चर्च गच्च. फादर गव्हाणीवर बोलले, आणि खरं सांगतो, मी तोंडं बघायचं विसरलो. ते म्हणाले, ही जनावराच्या चाऱ्याची पेटी. घरात जागा नव्हती म्हणून बाळाला तिथे ठेवलं, जिथे भुकेलं जनावर तोंड घालतं. बाळ जिथे जन्मलं त्या गावाच्या नावाचा अर्थच भाकरीचं घर. मागे वळून पाहिलं तर पाळणेवाले ताठ बसले होते, परीक्षेत पास झालेल्या मुलासारखे.

मग रांग लागली. सगळ्यात पुढे इस्त्रीवाल्या आजी. त्यांनी सवयीने दोन बोटं गव्हाणीच्या काठाला लावली आणि ढकललं.

गव्हाणी हलली नाही.

आजींनी पुन्हा ढकललं. मग वाकून खाली पाहिलं. "अहो पाळणेवाले," त्या तिथूनच ओरडल्या, "अडकलंय काहीतरी! इकडे या बघू."

लोक हसले. आजी नाही हसल्या. त्यांची बोटं काठावरच होती, आणि मागची रांग थांबली होती. पाळणेवाले उठले. मला वाटलं, पॉलिशचं कारण सांगून वेळ मारून नेतील. मी असतो तर तेच केलं असतं.

"अडकलं नाही, आजी," ते म्हणाले. "पट्ट्या मीच काढल्या. गव्हाणी डोलत नसते. मला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून पाळणा करून बसलो. एकतीस वर्षं चुकीचीच होती."

मी तोंडं बघायला मागे वळलो, तर सगळे आजींकडे बघत होते.

"ते असू दे," आजी म्हणाल्या. "पण माझ्या मुलींना झोका कसा देऊ?"

पाळणेवाल्यांनी फादरांकडे पाहिलं. फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तारीख पुस्तकात नाही, तरी आपण सगळे आज इथे जमलोच आहोत," ते म्हणाले. "पट्ट्या आहेत का अजून?"

"जळणात..."

"आहेत," मागून वहिनी म्हणाल्या, आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन्ही पट्ट्या काढल्या. पाठोपाठ पेचकस, पाठोपाठ स्क्रूची पुडी.

"तुला जाळायला सांगितलं होतं ना?"

"सागाचं लाकूड आहे. आणि तुमचं ऐकून माझं कधी भलं झालंय?"

पाळणेवाले तिथेच गुडघ्यावर बसले. बाळ आजींच्या हातात दिलं, गव्हाणी उलटी केली. मी पेचकस धरून देत होतो, म्हणजे मला जवळून बघता येत होतं. पूर्वी पट्ट्या खिळ्यांनी पक्क्या ठोकलेल्या होत्या. या वेळी त्यांनी खिळे मागितले नाहीत.

"स्क्रू का?" मी हळूच विचारलं.

"फादरांना शिकवायचं असेल तेव्हा काढता येतील," ते पुटपुटले. "बाकी वेळ राहू देत."

त्यांनी गव्हाणी सरळ केली, गवत सारखं केलं. आजींनी बाळ ठेवलं आणि तीन झोके मोजून दिले. मग रांग पुढे सरकली. पाळणेवाले सगळ्यात शेवटी उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतः कधी झोका दिला नव्हता, पकडले जाऊ या भीतीने ते जवळच जात नसत.

त्यांनी एका बोटाने ढकललं, मान तिरकी करून ऐकलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डावी पट्टी जरा करकरते. उद्या मेण आणतो."