खिळा न मारता

“भिंतीला एकही खिळा मारायचा नाही हं,” किल्ली देतानाच घरमालकीणबाईंनी बजावलं. मुक्ताच्या, माझ्या लेकीच्या, कॉलेजजवळची ही भाड्याची खोली. एक लोखंडी पलंग, एक कपाट आणि पोपडे आलेली भिंत. नवं काही घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून होतं नव्हतं ते घरूनच बांधून आणलं होतं. एसटीच्या लांबच्या प्रवासाने माझे पाय भरून आले होते. मी पलंगावर बसून नुसती बघत राहिले.

मुक्ताने खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी ताणली आणि माझ्या विटक्या साडीचा पडदा केला. सामानाचं खोकं उलटं करून त्यावर ओढणी पसरली, टेबल झालं. पोपड्यांवर तिने स्वतः काढलेली चित्रं चिकटवली.

“सुट्टी लागली की येशीलच परत. कशाला एवढा खटाटोप?” मी म्हटलं. ती नुसती हसली.

तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला. “अगं, मी घरीच आहे,” मुक्ता सहज बोलून गेली.

लग्नानंतर मीही कितीतरी दिवस माहेरालाच घर म्हणायचे. तो शब्द कधी बदलला, मला आठवत नाही. माझ्या आईला मात्र तो दिवस नक्की कळला असणार. तिने कधी बोलून दाखवलं नाही, इतकंच.

मी पिशवी उचलली, तशी मुक्ता म्हणाली, “आई, आजचा दिवस राहा ना.”

पाहुणीला करतात, तसा आग्रह होता तो.