चौगुले मॅडमची परवानगी

चौगुले मॅडम सर्व्हरच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवायच्या. दार सताड उघडं असलं तरी. आत माणूस कधीच नसे. असायचे ते कपाटाएवढे सर्व्हर आणि त्यांच्या पंख्यांची घरघर. मी नवीन होते, न राहवून म्हणाले, "मॅडम, आत कुणी नाहीये." त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय की. पर माझ्या हाताला सवय असू दे. आत जायचं म्हंजे इचारून जायचं." मला वाटलं, बाई जरा तऱ्हेवाईकच दिसतायत. आज कुणी मला विचारलं की तू हे काम कुणाकडून शिकलीस, तर मी त्या टकटकीपासूनच सांगायला सुरुवात करते.

सांगलीतल्या आमच्या छोट्या कंपनीत त्या सिस्टिम विभागाच्या प्रमुख होत्या. माहेर-सासर दोन्ही पलूसकडचं, द्राक्षबागा असलेलं जैन घर. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम. त्यामुळे रात्र रात्र जागून काम करण्याचं जे कौतुक ह्या धंद्यात चालतं, ते त्यांच्यापाशी शून्य. संध्याकाळी डबा उघडायच्या आणि आम्हालाही जवळ बसवायच्या. शेंगदाण्याची चटणी पुढं सरकवत म्हणायच्या, "घ्या रं, लाजताय काय. मशीन कुठं पळून जात न्हाई." अवघड काम नेहमी सकाळी, डोकं ताजं असताना.

मी पुण्याची बरी नोकरी सोडून आले होते. आई आधीच गेलेली. वडिलांना अर्धांगवायू झाला. रहिमतपूरचं घर बंद करून, उपचारांसाठी त्यांना सांगलीत आणलं आणि ऑफिसपासून जवळच दोन खोल्या घेतल्या. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "तुला काय लागतंय?" मी गरजू माणसाचं ठरलेलं उत्तर दिलं, "काहीही चालेल, मॅडम." त्या वैतागल्याच. "कायबी म्हंजे काय? अशानं देणाऱ्यानं काय द्यायचं? काय लागतंय ते सांग." मग मी चाचरत सांगितलं, की वडिलांना हातानं जेवता येत नाही, दुपारी घरी जाऊन भरवावं लागतं. त्या म्हणाल्या, "बारा ते एक तुझं. रोज. परत इचारायचं न्हाई." एवढ्यात निकाल लागला. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि रडले.

दुसऱ्याच महिन्यात माझा जीव टांगणीला लागला. एका इस्पितळाचे एक्स-रे आणि स्कॅन आमच्याकडच्या व्हीएममध्ये साठायला लागले होते. व्हीएम म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा आभासी संगणक. एकाच सर्व्हरवर असे पाच-सहा असतात, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे. मला घेतलं होतं ते ह्या इस्पितळाच्या कामासाठीच, आणि हे काम गेलं तर मलाही जावं लागेल हे मालकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. नेमकं तेच व्हीएम रखडायला लागलं. डॉक्टर पेशंटला समोर बसवून पडद्याकडं बघत राहायचे आणि चित्र काही उघडायचं नाही. सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर आम्ही दुसरीकडं जातो, असा निरोप आला.

शोधलं तेव्हा दुखणं कळलं. नेटवर्कवरून येणारा डेटा छोट्या छोट्या पुडक्यांनी येतो, त्यांना पॅकेट म्हणतात. व्हीएमला आठ प्रोसेसर दिलेले, पण सगळी पॅकेट्स एकाच्याच गळ्यात पडत होती. बाकीचे सात निवांत. मॅडम म्हणाल्या, "ठिबकची एकच लाईन उघडी ठिवल्यावानी झालंय हे. वेलींची एक वळ कुजंल, बाकीच्या वाळून जातील." पॅकेट्स वाटून देणारा एक लहानसा प्रोग्रॅम असतो. तो संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चढवावा लागतो. आमच्या सेटिंगमध्ये वाटणी 'चालू' दिसत होती. प्रत्यक्षात कर्नलनं परवानगी नाकारली होती आणि लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, एक ओळीचा इशारा टाकून मशीन गप्प बसलं होतं.

व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला कर्नलचे सगळे अधिकार देऊन टाकले, की प्रश्न तिथल्या तिथं मिटत होता. मी तेच म्हणत होते. मालकांनी फोनवरून तेच सांगितलं, "मॅडम, देऊन टाका ना परवानगी. मशीन आपलंच आहे."

"मशीन आपलं हाय, साहेब, पर व्हीएमच्या आत कोण शिरंल ते आपल्या हातात न्हाई," मॅडम म्हणाल्या. "उद्या आत चोर घुसला तर गाभ्याची किल्ली आपणच त्याच्या हातात दिली म्हणायची. शेजारच्या व्हीएममधी पतसंस्था हाय, लॅब हाय. त्यांना काय सांगू?"

"आणि सोमवार टळला तर?"

"माझ्यामुळं टळला म्हणून सांगा. पोरीचं त्यात काय न्हाई."

फोन स्पीकरवर होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझी बाजू घ्यायला असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. "आता सांग, ह्याला काय लागतंय?"

"परवानगी."

"कशाची?"

"तो वाटणीचा प्रोग्रॅम कर्नलमध्ये चढवायची."

"सारखा चढवायचा हाय?"

"नाही. व्हीएम सुरू होताना, एकदा."

"मग ते काम दुसऱ्यानं करून दिलं तर ह्याला परवानगी लागतीया कशाला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग आम्ही एक वेगळा मदतनीस प्रोग्रॅम कामाला लावला. कर्नलची ती परवानगी फक्त त्याला. त्यानं वाटणीचा प्रोग्रॅम चढवायचा, त्याची मूठ, म्हणजे तो वापरण्यापुरता दुवा, तेवढी व्हीएमच्या हातात द्यायची आणि निघून जायचं. पण पहिल्या खेपेला व्हीएमनं ती मूठ घेतलीच नाही. शनिवार तसाच गेला. मी घरी येऊन वडिलांसमोर हसऱ्या तोंडानं बसले आणि मनात पुण्याच्या ओळखी आठवत राहिले.

रविवारी सकाळी मॅडमच्याच लक्षात आलं, की मदतनीस एका आवृत्तीचा आहे आणि व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम दुसऱ्या. एकाची मूठ दुसऱ्याला बसत नव्हती. दोन्ही एकाच आवृत्तीचे केले. आता व्हीएम बंद करून परत सुरू करायला हवं होतं. मॅडमनी आधी इस्पितळात फोन लावला. "आवं डॉक्टर, तुमाला चालंल तवाच बंद करते. कवा करू?" डॉक्टरांनी पेशंट संपल्यावरची वेळ दिली, तोवर आम्ही हातावर हात ठेवून बसलो. मग सुरू केलं. पडद्यावर आठ रेषा होत्या. एक उंच होती, ती खाली उतरली, बाकीच्या सात हळूहळू वर आल्या. इस्पितळातून निरोप आला, चित्रं पटापट उघडतायत.

मी तर नाचायचीच बाकी होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पोचलं बघ वळीवळीला पाणी." आणि घड्याळाकडं बघून, "बारा वाजून गेलं. तू अजून हितंच? वडील वाट बघत असतील की."

माझी नोकरी राहिली. पुढची सहा-सात वर्षं वडिलांना दुपारचा घास मी माझ्या हातानं भरवला. ते पुष्कळदा अर्धं जेवण सांडत, पण माझी चाहूल लागली की त्यांचा चेहरा उजळायचा. हे मला मॅडमनी दिलं, आणि ते कधी बोलूनही दाखवलं नाही.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मला शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःचे सगळे अधिकार माझ्याकडून एकेक करून काढायला लावले. मी म्हणाले, "मॅडम, एखादा राहू दे. कधी लागलं तर?" त्या म्हणाल्या, "आता मला काय लागतंय? बागेत कर्नल हाय व्हय? लागत न्हाई ते ठिवायचं न्हाई, बाई. काढ." शेवटचा निघाल्यावर त्या मालकांच्या खोलीकडं गेल्या, उघडं दार वाजवलं आणि म्हणाल्या, "साहेब, माझं समदं काढलं. हिचा दुपारचा तास तेवढा काढू नका. त्यो तिला लागतोय."

गेल्या वर्षी वडील गेले. दिवसकार्य आटोपून मी कामावर आले. दुपारी बारा वाजता सवयीनं पर्स उचलली, जिन्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. मग मागं फिरले. मालकांचं दार उघडंच होतं. मी ते वाजवलं. म्हणाले, "सर, माझा बारा ते एकचा तास आता लागत नाही. परत द्यायला आलेय." ते काहीतरी म्हणाले, असू दे, राहू दे म्हणाले असावेत. मी मान हलवली आणि बाहेर आले.

त्या संध्याकाळी मॅडमना फोन करून हे सांगितलं. पलीकडं त्यांनी नाक ओढलं आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "बरं केलंस. आता तुला काय लागतंय, सांग."

ह्या वेळी मी चाचरले नाही. म्हणाले, "काही नाही, मॅडम. थोडा वेळ बोलत राहा."

त्या बोलत राहिल्या. बागेची छाटणी, पाण्याची पाळी, नातवाचे दात. सूर्य मावळून गेला, त्यांचं जेवण राहिलं, आणि तरी त्यांनी फोन ठेवला नाही.