हातोहात दिलेला दांडा

घरात हे कुणाला ठाऊक नाही. ज्या साप्ताहिकात मी उभे आयुष्य काढले, तिथेही नाही. कुणी विचारले नाही म्हणून राहून गेले, असे म्हणणे सोपे आहे — पण ते खरे नाही. एकदा विचारले होते, चारचौघांत, आणि मी उत्तर दिले होते. उत्तर खरे होते. तरी सांगायचे ते राहिलेच. असे कसे होते? तेच सांगायला बसलो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याच्याबद्दल हे आहे, तो माणूस मला आवडत नव्हता. आजही आवडत नाही. त्याला जाऊन बरीच वर्षे झाली, तरी नाव निघाले की माझे दात आवळले जातात. तो साधाभोळा होता आणि मी त्याच्याशी वाईट वागलो — अशी ही हकिकत असती तर मी ती केव्हाच लिहिली असती. तसल्या माणसांविषयी लिहिणे सोपे जाते. हा तसा नव्हता.

त्याला सगळे भिका नाना म्हणत. जळगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, तो हमालांच्या टोळीचा मुकादम होता. जळगाव तेव्हा पूर्व खानदेश जिल्ह्यात होते, आणि आम्ही सारे मुंबई राज्यात. नाना मूळचा धुळ्याकडचा. अहिराणीत बोलायचा, समोर कलेक्टर आला असता तरी अहिराणीतच बोलला असता. जीभ फार वाईट. माणसाचे दुखरे ठिकाण त्याला लगेच सापडे, आणि सापडले की तो तिथेच बोट ठेवी.

माझे त्याला सापडले ते माझ्याच चुकीने. मी नवा बातमीदार होतो. जिनातले हमाल कामचुकार आहेत, गाठी दिवसदिवस आवारात पडून राहतात, असे मी छापले. मला ते मॅनेजरने सांगितले होते. मी आवारात पाऊलही टाकले नव्हते. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा नानाने मला थांबवले. टोळी जमली. तो म्हणाला की मास्तर, एवढे एक पोते त्या खांबापर्यंत नेऊन दाखवा, मग आम्ही तुमचे छापलेले खरे मानू. नाही म्हणता आले असते. मग 'नाही' का म्हटले नाही? तेव्हा वाटले की नेता येईल. त्यांनी पोते पाठीवर दिले आणि मी वाकलो, दोन पावले गेलो आणि पोत्यासकट आडवा झालो. पोते फुटले. सरकी माझ्या डोक्यात, सदऱ्यात, कानात.

"तुना हात शाई उचलाना शेतस, वझं उचलाना नई," नाना म्हणाला. तुझे हात शाई उचलायचे आहेत, ओझे उचलायचे नाहीत.

सगळे हसले. मॅनेजरही हसला, ज्याच्या सांगण्यावरून मी लिहिले होते तोच. त्या दिवसापासून बाजारात माझे नाव 'सरकी मास्तर' पडले. पानवाला म्हणे, टांगेवाले म्हणत. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामाने हसत विचारले, सरकी मास्तर ते तुम्हीच का. मी हसून हो म्हटले. असे हसणे किती दिवस पोटात राहते? माझ्या पोटात ते राहिले.

पुढच्या हंगामात जिनाच्या शेठने उचलगाडी आणली.

आज अशा गाड्या कुठल्याही गोदामात दिसतात, तेव्हा आमच्याकडे ती नवलाई होती. चार लोखंडी चाकांवर बुटका पाट, पुढे लांब दांडा. गाठ आधी लाकडी घोडीवर, म्हणजे चार पायांच्या बुटक्या चौकटीवर ठेवायची, गाडी घोडीच्या पोटाखाली सरकवायची, दांडा पुन्हा पुन्हा खाली दाबायचा. पाट वर येतो आणि घोडीसकट गाठ जमिनीवरून सुटते. मग एकटा माणूस ती ओढत वखारीत नेतो. दांड्याच्या बुडाशी पायाने दाबायचा खटका होता. तो दाबला की पाट धाडकन खाली बसे.

ज्या गाठीला लोखंडी आकडे लावून अर्धी टोळी झटत असे, ती एकजण नेणार. टोळीला हे काय ते पहिल्याच दिवशी कळले. त्यांनी गाडीचे नाव 'सवत' ठेवले. कुणी तिच्या चाकात बारदान कोंबून ठेवी. मॅनेजर शिव्या देई, टोळी ऐकत नसे. शेठ म्हणाला, गाडी चालवायची नसेल तर टोळीच बदलतो. नानाने तेव्हा तडजोड केली — गाडी चालवू, पण आमच्या पद्धतीने.

पद्धत अशी होती. लोटगाडी असो की आणखी काही, ओढणारा बदलताना दांडा हातातून हातात द्यायचा नाही. पहिल्याने तो जमिनीवर टेकवायचा आणि बाजूला व्हायचे. दुसऱ्याने ओझ्याला एक फेरी घालायची, आपले पाय कुठे आहेत ते पाहायचे, आणि मग दांडा स्वतः उचलायचा. हातोहात घेतलेल्या दांड्याबरोबर देणाऱ्याची पीडा येते, असे ते मानत. नाना याबाबतीत कडक होता. स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याने एकदा घाईत दांडा हातोहात घेतला, तर त्याला नानाने सगळ्यांसमोर टोळीतून काढले. हंगाम संपेपर्यंत परत घेतले नाही. बायको अन्न शिजवीना, तरी घेतले नाही. हे मला माहीत होते. जिनात सगळ्यांनाच माहीत होते.

गाडीची बातमी करायला मला बोलावले गेले. दिवाळी नुकतीच झाली होती, सकाळ होती. शेठ आणि त्याचे पाहुणे खुर्च्यांवर, टोळी भिंतीला टेकून. मॅनेजर म्हणाला, पत्रकारांनीच चालवून दाखवावी म्हणजे किती सोपी आहे ते लोकांना कळेल. मी दांडा धरला. दाबला, पुन्हा दाबला. गाठ उचलली गेली — माझ्या हातांनी. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नानाकडे पाहिले. तो म्हणाला, सरकी मास्तर, लोखंड उचलस, तू नई. टोळी हसली. पाहुण्यांपैकीही एकदोघे हसले.

मॅनेजरने नानाला हाक मारली, की ने आता वखारीत. नाना पुढे आला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"दांडा भुईवर ठेव," तो म्हणाला. "हातमा देवानं नई." हातात द्यायचा नाही.

मी ठेवला नाही. दांडा त्याच्यापुढे धरला. "नाना, हे यंत्र आहे, देव नाही. घ्या हातात."

तो घेईना. मॅनेजर ओरडला, शेठने खुर्चीतून मान पुढे काढली. पाहुणे बघत होते. शेठने टोळी बदलण्याचे बोलून दाखवले होते, ते नानाच्या डोक्यात असणारच. माझ्या तर होतेच. म्हणून तर मी दांडा धरून उभा होतो. तो नाही म्हणाला तर टोळी जाणार. घेतला तर त्याचा नियम जाणार. दोन्हीकडून मला बरे वाटणार होते.

त्याने घेतला.

पुढची बातमी मी अशी लिहिली: 'मुकादमाने दांडा हाती घेतला त्याच वेळी खटका सुटून पाट खाली आला व घोडीचा पाय त्यांच्या पावलावर पडून गंभीर इजा झाली.' या वाक्यात खोटे काही नाही. फक्त मी नाही.

आता इथवर आलो आहे तर — खटका आपोआप सुटला नव्हता. मी दाबला. चुकून लागला का? नाही. त्याने दांडा धरला तेव्हा त्याची नजर टोळीकडे होती. नियम मोडताना त्यांचे चेहरे तो बघत होता. मला वाटले, आता पाट आदळला की हा दचकेल, उडी मारेल, आणि लोक हसतील. या वेळी याला हसतील. एवढेच हवे होते, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले.

पण एवढेच नाही. तो खटका लहान होता, दांड्याच्या बुडाशी, पाटाला चिकटून. खाली पाहिल्याशिवाय पाय त्यावर पडत नाही. मी खाली पाहिले होते. तिथे नानाचे पाऊल होते — अनवाणी, दांडा घ्यायला पुढे टाकलेले, घोडीच्या पायाखाली अर्धे गेलेले. मला ते दिसले. दिसल्यावर मी दाबला.

टोळीने गाठ बाजूला लोटून त्याचा पाय काढला. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. पाऊल वाचले नाही.

पाऊल गेले तरी मुकादमी राहिली असती. मुकादमाला ओझे उचलावे लागत नाही. माणसे लावायची, हाक द्यायची, मॅनेजरशी भांडायचे. नानाला त्यासाठी पाय नको होता. मुकादमी गेली ती नियमामुळे. नाना कुबडीवर परत आला तेव्हा टोळी आवारातल्या लिंबाखाली बसली, आणि साक्षीला मला बोलावले. शिकलेला माणूस, जवळ उभा होता, खोटे बोलणार नाही — म्हणून. तो मेहुणाही बसला होता. नानाकडे बघत नव्हता. टोळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या हमालाने मला एकच प्रश्न विचारला.

"दांडा भुईवर व्हता का हातमा?"

मी म्हटले, "हातात."

खटक्याचे कुणी विचारले नाही. त्यांच्या लेखी विचारण्यासारखे ते नव्हतेच. दांडा हातोहात घेतला की पुढे काय होईल ते त्यांना माहीत होते, आणि तसेच झाले होते. एक वाक्य मी आणखी बोललो असतो तर? बोललो नाही. नाना समोरच होता. त्याने मान हलवली, माझे म्हणणे बरोबर आहे अशी. मग कमरेचा आकडा काढून जमिनीवर ठेवला. मेहुण्याने तो उचलला. त्या दिवसापासून मेहुणा मुकादम. नाना त्याच आवारात फाटलेले बारदान शिवायला बसला. येणारेजाणारे हमाल त्याला बोलत. पूर्वी त्याने जे जे ऐकवले होते ते सगळे व्याजासकट. मी कामानिमित्त जाई तेव्हा मुद्दाम त्या बाजूने जाई. हेही सांगायला हवे. मला ते बघायला आवडे.

मग एका हंगामात तो दिसला नाही. कुणी म्हणाले, मुलीकडे गेला.

काही वर्षांनी मी एका सभेच्या बातमीसाठी दोंडाईच्याला गेलो होतो. परतताना गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनाबाहेर आलो. एका व्यापाऱ्याच्या मोकळ्या जागेत मिरची वाळत घातली होती आणि कडेला खाटेवर एक म्हातारा काठी घेऊन बकऱ्या हाकत होता. कुबडी खाटेला टेकवलेली. त्याने मला आधी ओळखले. अरे, अजून शाईच उचलतोस का, असे त्याने विचारले. इतक्या वर्षांनी पहिले बोलणे ते. माझ्या अंगाची आग झाली. तिखटाचा ठसका लागून मी खोकू लागलो, तेव्हा त्याने खाटेखालचा तांब्या माझ्याकडे सरकवला. हातात दिला नाही, जमिनीवरून सरकवला.

मी पाणी प्यालो आणि खाटेच्या टोकाला बसलो. आम्हांला बोलण्यासारखे काही नव्हते. तो एकदा बकरीला शिवी देई, एकदा व्यापाऱ्याला. मग माझ्याकडे न बघता, बकऱ्यांविषयी बोलत होता त्याच आवाजात म्हणाला:

"चूक मनी व्हती. मी लिधा. मेहुणाले काढं, आन् मीच लिधा. आते बी रोज तेच याद येस." चूक माझी होती, मेहुण्याला काढले आणि दांडा मीच हातात घेतला, अजून रोज तेच आठवते.

आजूबाजूला कुणी नव्हते. टोळी नव्हती, शेठ नव्हता, मॅनेजर नव्हता. मुकादमी त्याला परत मिळणार नव्हती आणि मला कुणी काही करणार नव्हते. बोललो असतो तर बदलले असते ते फक्त एक — तो माणूस रोज जे आठवत होता ते. माझ्या तोंडाशी शब्द आले होते का? आले होते. मी त्याच्याकडे पाहिले. तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता. त्या वेळी जवळ असलेला, शिकलेला, खोटे न बोलणारा माणूस मीच होतो.

मी म्हणालो, "हो नाना. चूक तुमचीच."

त्याने मान हलवली आणि बकरी हाकायला काठी उचलली.